पिवळ्या फुलाची बदनामी

आपल्या कॉलेजात पाहुण्यांना पुष्पगुच्छ देतात ना, त्यात जरबेरा आणि गुलाबांच्या मधे बारीक फुलांचा एक पिवळा तुरा असतो. ते गोल्डन रॉड. फुलवाले त्याला ‘फिलर’ म्हणतात, मोकळी जागा भरणारं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण याच फुलाने शिंका येतात, ते गुच्छात नको, असं मोबाईलवर वाचून सांगणारे हल्ली भेटतात. ते मात्र मला पटत नाही.

हा आरोप मूळचा अमेरिकेतला. गोल्डन रॉड तिकडचं रानफूल. नेब्रास्काने तर 1895 मध्ये त्याला राज्यफूल केलं. उन्हाळा सरता सरता तिथली माळरानं पिवळी होतात आणि नेमकी त्याच दिवसांत लोकांची नाकं गळायला लागतात. दिसला तो चोर! खरा चोर शेजारीच उभा असतो: रॅगवीड. त्याची फुलं हिरवट, कुणाचं लक्षही जाणार नाही अशी. ज्याचे पराग वारा वाहून नेतो, त्याला नटायची गरजच काय? गोल्डन रॉड नटतं, कारण त्याचे पराग जड आणि चिकट. ते न्यायला मधमाशीच यावी लागते. म्हणजे ज्या भडक रंगावरून आपण त्याला पकडतो, तोच त्याच्या बाजूचा साक्षीदार आहे. (फुलं बांधणाऱ्यांच्या हातांना त्याने कधी कधी खाज सुटते, युरोपात ते तण म्हणून माजलंय, हेही खरं. पण तो खटला वेगळा.)

रॅगवीडचा एक भाऊबंद आपल्याकडे आहे. गाजर गवत, बरेच जण काँग्रेस गवत म्हणतात ते. भारतातली त्याची नोंद 1956 मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाली. आज बेळगावात कुठलाही रिकामा प्लॉट बघा. अंगाला लागलं की खाज, पराग नाकात गेले की शिंका, काहींना दमासुद्धा. फुलं बारीक, पांढरी, गरीब चेहऱ्याची. म्हणून आपण त्याच्या बाजूने रोज जातो आणि काही बोलत नाही.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण पावसाळाभर रुमाल नाकाला लावूनच बसते. गुच्छातल्या दोन पिवळ्या काड्या काढून तिला काय फरक पडणार? खिडकीखालचं गवत उपटायला हवं. मुळासकट, हातमोजे घालून, आणि फुलावर यायच्या आत. मंडळाने जूनअखेरीस एखादा शनिवार ठरवावा. यादीत माझं नाव पहिलं लिहा.