मोडलेला रोजा आणि डोंगर चढणारी मेडलिन

रमजानचा चंद्र दिसला की आमच्या देहूरोडच्या बहुतेक मुस्लिम घरांत मुलांना पहिली ताकीद मिळते ती गेमची. महिनाभर बंद. इबादतीचा महिना आहे, वेळ वाया घालवायचा नाही. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. यंदा माझं मत थोडं हललं आहे आणि त्याला कारण झाला माझा भाचा.

बारावीची परीक्षा आणि रमजान यंदा एकत्र आले. भाचा पहिल्या दिवसापासून रोजे ठेवत होता. एका पेपरच्या दिवशी मात्र उन्हातून लोकलनं परत येताना त्याला राहवलं नाही. स्टेशनबाहेर पाणी प्यायला, वर एक वडापावही खाल्ला. घरी येऊन कुणाला काही बोलला नाही. संध्याकाळी दस्तरख्वानावर सगळ्यांबरोबर बसला, खजूर उचलला आणि माझ्या बहिणीनं, म्हणजे त्याच्या अम्मीनं, "पेपर असूनही रोजा सोडला नाही माझ्या मुलानं" असं चारचौघांत कौतुक केलं तेही ऐकून घेतलं. त्या रात्रीपासून तो तरावीहला येईना. पोट दुखतंय, अभ्यास आहे, अशी कारणं. आणि रात्री जुन्या लॅपटॉपवर गेम.

मी रागावूनच त्याच्या खोलीत गेलो होतो. तो म्हणाला, "मामू, मी खोटारडा आहे. माझी नमाजही खोटीच होणार. मग कशाला येऊ?" मग सगळं सांगितलं. मी काय बोलावं ते मला सुचेना. म्हणून शेजारी बसलो आणि तो काय खेळतोय ते बघत राहिलो.

त्या गेमचं नाव 'सेलेस्ट'. २०१८ साली आलेला, कॅनडातल्या एका छोट्या गटानं बनवलेला. त्यात बंदुका नाहीत, शत्रूची फौज नाही. मेडलिन नावाची एक तरुणी आहे आणि सेलेस्ट नावाचा डोंगर आहे. तिला माथ्यावर पोचायचं आहे, बस्स. का जायचंय, हे तिलाही नीटसं सांगता येत नाही. मन थाऱ्यावर नाही, मधूनच छातीत धडधडतं, श्वास अडकतो. वाटेत एका आरशातून तिचीच एक काळी छाया बाहेर पडते. चेहरा तोच, केस जांभळे. ती म्हणते, हे तुला जमणार नाही, परत फिर. मेडलिन पळते तर ती मागे लागते, आणि लागते तीही अशी की मेडलिन ज्या वाटेनं, जशा उड्या मारत गेली, अगदी तशीच काही क्षणांनी ही येते. आपण केलेलंच आपल्या पाठीशी लागावं, तसं.

खेळणारा यात शेकडो वेळा मरतो. माझा भाचा तर हजारावर गेला होता. गेम ते मोजतो, आणि त्याची लाज वाटून घेऊ नका, त्यातूनच तुम्ही शिकताय, अशा अर्थाचा निरोपही देतो.

पुढे मेडलिनला जरा आत्मविश्वास येतो. ती छायेला सांगते, मला तुझी गरज नाही, तुला इथंच सोडून मी वर जाणार. आणि नेमक्या त्याच वेळी ती छाया खवळून तिला डोंगराच्या अगदी तळाशी ढकलून देते. सगळी चढण वाया. पायथ्याशी आधी भेटलेली एक म्हातारी तिला तिथं पुन्हा भेटते आणि सुचवते की तिच्याशी बोलून बघ, ती एवढी का घाबरली आहे ते विचार. शेवटी मेडलिन तेच करते. दोघी एक होतात. आणि इथं गेम बनवणाऱ्यांची हुशारी दिसते. तोवर मेडलिनला हवेत एकदाच झेप घेता येत होती, समेटानंतर दोनदा घेता येते. ज्या कड्यापर्यंत हात पोचत नव्हता, तिथं पोचतो. माथा ती त्या छायेला सोबत घेऊनच गाठते.

हे बघताना माझ्या मनात जे आलं ते इथं लिहितो, कुणा आलिमांना पटेल, कुणाला नाही. रमजानच्या प्रवचनांत आपण नेहमी ऐकतो की नफ्सला मारा, नफ्सशी जंग करा. नफ्स म्हणजे माणसाचं आतलं मन, त्याची ओढ, त्याचा मीपणा. कुरआनमध्ये या नफ्सच्या तीन अवस्था आल्या आहेत. सूरह यूसुफमध्ये वाईटाकडे खेचणारा, अम्मारा. सूरह कियामहमध्ये स्वतःला दोष देणारा, लव्वामा. आणि सूरह फज्रमध्ये शांत झालेला, मुतमइन्ना, ज्याला त्याचा रब आपल्याकडे परत बोलावतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही तीन वेगवेगळी मनं नाहीत. खेचणारं मन मारून त्याच्या जागी दुसरं शांत मन बसवलं जात नाही. तेच मन चढत जातं.

माझा भाचा मधल्या अवस्थेत अडकला होता. लव्वामा ही वाईट अवस्था नव्हे. कुरआनमध्ये तिची शपथ घेतली आहे, एवढी तिची किंमत. पण ती वाटेतली जागा आहे, मुक्कामाची नव्हे. दोष देत देत माणूस तिथंच घर बांधून बसला, तर "मी असलाच" म्हणून नमाजही सोडतो. मग वरून पश्चात्ताप वाटणारी ती गोष्ट खरं तर सुटकेची सोय होऊन जाते.

आपल्या मातीला हे नवं नाही. इथून जवळच्याच देहूचे तुकोबा स्वतःच्या उणिवांवर इतके कडक बोलतात की वाचणाऱ्याला संकोच वाटावा, पण ते विठ्ठलाकडे पाठ करून बसत नाहीत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात आपल्या मराठी ग्रंथाला नावच 'योगसंग्राम' दिलं. संग्राम बाहेरचा नाही, आतला. माझ्या भाच्याला यांतलं कुणी शाळेत नीट भेटलं नाही. त्याला मेडलिन भेटली. यावर मी हळहळू शकतो, पण भेटली हे बरंच झालं.

मग मी त्याला विचारलं, आपल्याकडे कुणी असे खेळ करतं का? त्यानं 'राजी' दाखवला. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं केलेला. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून वर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी नेट धरून २०२० मध्ये खेळ बाजारात आणला आणि त्याच वर्षी जगातल्या मोठ्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. राजी ही कसरती करणारी गरीब पोर. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर हल्ला करतात, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. राजस्थानी वाड्यांची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. इथून तासाभराच्या अंतरावर बसून कुणी हे केलं याचा मला अभिमान वाटला.

पण एक खटकलं. राजीच्या मनात काय चाललंय ते आपल्याला फारसं कळत नाही. दुर्गा आणि विष्णू वरून बघत तिच्याबद्दल आपसांत बोलत राहतात, तिचं धैर्य तोलतात. पोरगी खाली एकटी लढते आणि मोठे वर बसून तिची चर्चा करतात. हे लिहिताना मला आमचा दस्तरख्वान आठवतो. भाच्यासमोर त्याच्या रोजाचं कौतुक आम्ही मोठ्यांनीच एकमेकांत केलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, की बाबा, आजचा दिवस कसा गेला?

आता दुसरी बाजू. मुलांनी रमजानभर गेमच खेळावेत असं मला म्हणायचं नाही. पैसे लावायच्या गेमवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आली ते योग्यच झालं. दिवसभर नुसत्या गोळ्या झाडणाऱ्या खेळांत कुणाच्या मनात काही बदलताना मी पाहिलं नाही. आणि 'सेलेस्ट'सारख्या चांगल्या खेळातही एक मोठी सवलत आहे. मेडलिन पडली की पुढच्या क्षणाला पुन्हा उभी. तिनं दुखावलं ते स्वतःलाच. आपलं तसं नसतं. तौबा करताना आपली चूक अल्लाहसमोर कबूल करावी लागते, पुन्हा करणार नाही असं ठरवावं लागतं, आणि कुणा माणसाचं देणं असेल तर त्याच्यापर्यंत जावं लागतं. भाच्याचं देणं त्याच्या अम्मीकडे होतं. स्वतःला स्वीकारणं म्हणजे "मी असाच, घ्या सांभाळून" असं मी मानत नाही. "तो पाणी पिणारा मीच, आणि गप्प बसून कौतुक ऐकणाराही मीच" एवढं म्हणता येणं, म्हणजे स्वीकारणं. त्यापुढची चढण त्यानंतरच सुरू होते.

मी आपाला सांगितलं नाही. ते त्याचं काम होतं. दोन दिवसांनी पहाटे सहरीनंतर मी त्याला घोरावडेश्वरच्या डोंगरावर नेलं. रोजा होता म्हणून हळूहळू चढलो, पायऱ्यांवर दोनदा बसलो. लेण्यांपाशी पोचेपर्यंत चांगलं उजाडलं होतं, खालून लोणावळ्याकडची लोकल जाताना दिसली. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी इफ्तारआधी स्वयंपाकघरात त्यानं अम्मीला सांगितलं. मी बाहेर होतो. भजी तळण्याचा आवाज मध्येच थांबला, एवढं ऐकू आलं. मग आपाचा आवाज आला, "आणि वडापाव कुणाकडचा खाल्लास? पोट बिघडलं असतं म्हणजे?" थोड्या वेळानं भजी पुन्हा तळायला लागली. मोडलेल्या रोजाचं काय करायचं ते तो स्वतः मशिदीत जाऊन मौलानांना विचारून आला. त्यांनी काय सांगितलं ते त्या दोघांत राहू दे.

तरावीहला तो आता शेवटच्या ओळीत उभा राहतो. गेममध्ये माथ्यापर्यंत पोचला का, असं मी विचारलं, तर म्हणाला परीक्षेनंतर. सोमवारी त्याचा पेपर आहे. सहरीला उठवा, असं त्यानं मला सांगून ठेवलं आहे.