सोमवारी तीन वाजता फाइल मागा

वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी, पिसोळी. पुण्याच्या कडेच्या या गावांत तुम्ही राहत असाल, किंवा इथे घर घ्यायच्या विचारात असाल, तर पाच मिनिटं काढा. तुमच्या नळाबद्दल बोलायचंय. आणि त्या नळासाठी तुम्ही आधीच भरलेल्या पैशांबद्दल.

होय, तुम्ही भरलेल्या. इमारतीचा पाया खणण्याआधी बिल्डरला परवानगीसाठी चलन भरावं लागतं. सोसायटीच्या कपाटात त्याची प्रत असेल. काढा आणि वाचा. जमिनीचं विकास शुल्क, बांधकामाचं विकास शुल्क, जादा एफएसआय (चटईक्षेत्र) घेतला असेल तर त्याचं प्रीमियम, छाननी शुल्क, कामगार कल्याणाचा उपकर. मोठ्या प्रकल्पात ही बेरीज कोटींत जाते. बिल्डरनं ती फ्लॅटच्या किमतीत धरली. तुम्ही वीस वर्षांचं कर्ज काढलंत, त्यात तीही आहे. दर महिन्याला तुमच्या पगारातून तिचा हप्ता जातो.

यातलं विकास शुल्क कशासाठी? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा, आणि विकास शुल्काचं प्रकरण त्यात 1992 मध्ये घातलं गेलं. नवी वस्ती आली की पाणी, ड्रेनेज, रस्ते, दिवे लागणार. तो भार सगळ्या शहरावर पडू नये, जो बांधतो त्यानंही उचलावा, इतका साधा विचार. शुल्क रेडी रेकनरच्या दरावर टक्केवारीनं ठरतं. ते वेगळं ठेवायचं आणि सार्वजनिक सुविधांवरच खर्चायचं, असं कायदा सांगतो. तुमच्या घरात पोरांच्या फीचे पैसे वेगळ्या डब्यात असतात, किराणा कमी पडला तरी त्याला कुणी हात लावत नाही. हेही तसंच असायला हवं.

आता तुमच्या गेटवर बघा. पहाटेपासून टँकर उभा आहे. मेंटेनन्सच्या बिलात ‘पाणी टँकर’ अशी वेगळी ओळ आहे, आणि उन्हाळ्यात तीच सगळ्यांत मोठी असते. घरटी किती आले याचा हिशोब करताना खजिनदाराचं डोकं उठतं. एकदा किमतीत, एकदा टँकरला, शिवाय मिळकतकर. एकाच पाण्यासाठी किती वेळा द्यायचे?

असं का झालं, हे समजून घ्या. 2017 मध्ये 11 गावं पुणे महापालिकेत आली, 30 जून 2021 ला आणखी 23 आली. पण त्या 23 गावांसाठी नियोजनाचा आणि बांधकाम परवानगीचा अधिकार सरकारनं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे दिला. म्हणजे शुल्क जमा होणार एका कार्यालयात आणि पाणी, कचरा, ड्रेनेजसाठी तुम्ही दार ठोठावणार दुसऱ्याचं. दोघांपैकी कुणाला विचारावं, हेच लोकांना कळेना. हा घोळ कुणा एकाच्या वाईट हेतूनं झाला असं मी म्हणणार नाही. पण घोळात पैसा दिसेनासा होतो आणि दिवस जात राहतात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं तर महापालिकेत आली, सुविधांची वाट पाहिली आणि पुन्हा बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

वाया गेलेल्या दिवसांची किंमत काय असते, ते 2025 च्या जानेवारीत दिसलं. सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोमचे) रुग्ण सापडू लागले. हातापायांतलं बळ जातं, श्वास घेता येत नाही, माणूस व्हेंटिलेटरवर जातो, असा हा आजार. पुणे परिसरात संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही जण दगावले. संशयाची सुई पाण्याकडे वळली, आणि तेव्हा शहराला कळलं की या गावांतल्या हजारो घरांत विहिरीचं पाणी जंतुनाशक टाकून, पण शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता येत होतं. इमारती वीस मजली, पाणी गावकीच्या काळातलं. दवाखान्याच्या बाकावर रात्र काढणारे आईबाप तुमच्याआमच्यासारखेच होते. घर घेताना त्यांनीही सगळे पैसे भरले होते.

पुन्हा असं होऊ द्यायचं नसेल तर आत्ताच हिशोब मागा. विकास शुल्क परवानगीच्या वेळी घेतलं जातं. इमारत उभी राहिली की त्या इमारतीकडून ते पुन्हा मिळत नाही. तुमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रे लागलेत ना? त्याचं चलन भरून झालं असेल, किंवा या आठवड्यात भरलं जाईल. तो पैसा तुमच्या भागाच्या जलवाहिनीला लागतो की भलतीकडे जातो, हे पुढच्या काही महिन्यांत ठरेल. तुम्ही विचारलंत तर एका बाजूला, गप्प राहिलात तर दुसऱ्या.

जमिनीवरही डोळा ठेवा. बिल्डर पैशांखेरीज जागाही देतो. राज्याच्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे ठरावीक आकाराहून मोठ्या जमिनीवर काम असेल तर ॲमेनिटी स्पेस सोडावी लागते, आणि तिच्या बदल्यात त्याला एफएसआय किंवा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) मिळतो. म्हणजे ती जागा फुकट आलेली नाही. तिच्या मोबदल्यात तुमच्या डोक्यावर जास्त मजले चढलेत. दवाखाना, शाळा, वाचनालय, पाण्याची टाकी तिथे व्हायला हवी. 2021 मध्ये पुण्यात अशा जागा दीर्घ मुदतीच्या भाड्यानं द्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा नागरिक उभे राहिले, मोठा वाद झाला. तुम्हीही उभे राहा. तुमच्या लेआउटच्या नकाशात ती जागा कुठे आहे ते शोधा. प्रत्यक्ष जाऊन बघा. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर महापालिकेचं नाव लागलंय का, तपासा. तिथे कुणाचे ट्रक उभे असतील, राडारोडा पडला असेल, तर तारखेसह फोटो काढा. गेलेली मोकळी जागा शहरात परत मिळत नाही.

घर घ्यायला निघाला असाल, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं उघडा आणि परवानगीसोबतचं पाण्याचं हमीपत्र मागा. ‘महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवीन’ असं अनेक बिल्डरांनी लिहून दिलेलं असतं. सोसायटी ताब्यात घेतल्यावर ते कागद कुणी बघत नाही आणि टँकरचं बिल गुपचूप तुमच्या माथी येतं. सही करण्याआधी बघा. बुकिंगच्या दिवशी मुलांना कुठली खोली, हे ठरवतो ना आपण? त्याच दिवशी त्यांना पाणी कुठलं, हेही विचारा.

तुमच्या भागाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, तर कायद्याच्या कलम 26 खाली हरकती-सूचनांसाठी 30 दिवस असतात. ते हातचे घालवू नका. एकेकट्यानं लिहा, सोसायटीच्या लेटरहेडवरही लिहा, आणि पोच घ्या.

कामाचे दिवस बुडतात, कुणाला वेळ आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून एकच दुपार मागतो. राज्य सरकारनं 2018 मध्ये आदेश काढला: दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत फाइली बघता याव्यात. येत्या सोमवारी दोघंतिघं मिळून महापालिकेत जा. निवृत्त काका असतील तर त्यांना घ्या, हिशोबात पक्क्या असणाऱ्या काकूंना घ्या. सोबत ओळखपत्र, चलनाची प्रत आणि वही ठेवा. अधिकाऱ्यांशी नीट बोला. त्यांच्यातही मदत करणारे पुष्कळ असतात.

पीएमआरडीएकडचा हिशोब माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत एकाच विषयावर अर्ज. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पहिलं अपील करा. अर्जात इतकंच लिहा: आमच्या गावातल्या बांधकामांतून 2021 पासून वर्षानुसार किती विकास शुल्क जमा झालं? ते कोणत्या खात्यात आहे? त्यातून आमच्या गावात कोणतं काम, किती रकमेचं झालं? महापालिकेकडे किती वर्ग केलं आणि कोणत्या तारखेला?

उत्तर आलं की त्याची प्रत सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा, प्रभागाच्या नगरसेवकाला द्या, आणि शेजारच्या सोसायटीलाही पाठवा. त्यांच्या गेटवरही तोच टँकर उभा असतो.