फुकटाचे दळण

गुलमंडीवर ‘एकावर एक फुकट’ अशी पाटी दिसली, की आमच्या घरची मंडळी आधी पहिल्या वस्तूची किंमत विचारतात. पण मोबाइलवर ‘वर्षभर मोफत’ असे झळकले, की हेच शहाणपण कोठे जाते कोण जाणे! सध्या घरोघर एकच प्रश्न आहे: चॅटजीपीटी, जेमिनी ही मंडळी फुकट राबवावीत, की पगार देऊन ठेवावीत?

२०२५ साल या बाबतीत मोठे उदार निघाले. जुलैत एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची सशुल्क योजना वर्षभर मोफत देऊ केली. ऑगस्टात चॅटजीपीटीची ‘गो’ योजना महिना ३९९ रुपयांना आपल्याकडे आली, आणि नोव्हेंबरात तीही वर्षभरासाठी मोफत झाली!

आपल्या पाणचक्कीचे जातेही पाण्याच्या बळावर फिरे आणि दर्ग्यातल्या फकीर-यात्रेकरूंचे पीठ निघे. पण ते पाणी डोंगरातल्या झऱ्यापासून खापरी नळांनी आणायला कोणीतरी पैसा ओतलाच होता. तो दानधर्म होता. हा व्यापार आहे. २०१६च्या सप्टेंबरात जिओने फुकट इंटरनेट वाटले. पुढच्या वर्षी पैसे पडू लागले, तोवर सवय लागून गेली होती.

मग पैसे मोजून मिळते काय? प्रश्नांची मर्यादा वाढते आणि यंत्र अधिक ताकदीचे मिळते. खरेपणाची हमी मात्र मिळत नाही. पगारी यंत्रही ठणकावून चुकीचे सांगते. गुप्तताही आपोआप येत नाही. चॅटजीपीटीच्या घरगुती सशुल्क योजनांतही आपले बोलणे यंत्राला शिकवण्यासाठी वापरले जाऊ शकते. ते थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये असते, आणि ती फुकटवाल्यालाही आहे.

शेजारच्या वहिनींनी परवा विचारले, “भावोजी, मुलगा बारावीला आहे. घेऊन टाकू का पैशाचे?”

मी म्हटले, “वहिनी, महिनाभर फुकटावरच चालवा. ‘आजची मर्यादा संपली’ असे आले, की कॅलेंडरवर खूण करा. चार-दोनच खुणा झाल्या, तर पैसे कशाला? रोज होऊ लागल्या, तर मर्यादा कशात संपते ते पाहा. अडलेले गणित समजून घेण्यात संपत असेल, तर महिन्याचे तीन-चारशे रुपये शिकवणीपेक्षा स्वस्तच. पण निबंध आयता लिहून घेण्यात संपत असेल, तर फुकटचेही महाग. परीक्षेत पेपर त्याला एकट्यालाच लिहायचा आहे.”

“आणि मोफत वर्ष घेतले तर?”

“कार्ड किंवा यूपीआय जोडायला सांगितले, तर मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर आजच लिहा. नाही तर पुढच्या महिन्यापासून पैसे आपोआप कापले जातील.”

वहिनी हसून म्हणाल्या, “म्हणजे दूधवाल्याच्या खाड्यांसारखाच हिशेब की!”

अगदी तसाच.