केटी आपली, छपरी कुणाची?

इंजिनिअरिंगला आलं की माणूस दोन भाषा शिकतो, एक सी आणि दुसरी होस्टेलची. सी चौथ्या सेमपर्यंत कंपाइल होत नाही, होस्टेलची मात्र पहिल्याच आठवड्यात रन होते.

आता 'केटी'च घ्या ना. मूळ शब्द एटीकेटी, म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स'. खरं तर ही युनिव्हर्सिटीची परवानगी: विषय राहिला तरी पुढे जा बाबा! पण पोरांनी तिला मराठी क्रियापद जोडलं आणि केटी 'लागायला' लागली. ठेच लागते, नजर लागते, तशी एम-थ्रीची केटी लागते. म्हणजे पोराचा दोषच उरला नाही! 'जीटी मारणे' पण तसलंच. काचेखाली ट्यूब पेटवून मित्राची शीट ट्रेस करायची, म्हणून ग्लास ट्रेसिंग. हे शब्द कुठल्या रीलने पसरवले नाहीत. सीनियरच्या जुन्या ड्राफ्टरसोबत ते आपल्याकडे आले, आणि ते हसतात ते आपल्याच हालांवर.

मोबाइलवरून येणाऱ्या सगळ्याच शब्दांना मी नावं ठेवत नाही. ऑस्ट्रेलियात २००२ साली कुणीतरी नेटवर लिहिलेला 'सेल्फी' २०१३ मध्ये ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द झाला, आता आपली आजीसुद्धा सेल्फी काढते. रिझ, क्रिंज येतील नि जातील. (सरांनीही एवढं मनावर घेऊ नये!) माझं भांडण एकाच शब्दाशी आहे: छपरी.

जुन्या मराठीत 'छपरी पलंग' ही श्रीमंताघरची चैन होती. शिवी म्हणून 'छपरी' मुंबईच्या गल्ल्यांत आधीपासून होताच, २०२० नंतर रील्स आणि मीम्सनी तो देशभर नेला. २०२४ च्या आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या मुंबईचा कॅप्टन झाला, त्या रागात लोकांनी त्याच्यावरही हाच शब्द फेकला. अर्थ काय, तर केस रंगवलेला, बाइकवर रील काढणारा, म्हणजे थोडक्यात हौस आहे पण पैसा नाही असा मुलगा. छपरं शाकारणारा छप्परबंद समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. शब्द तिथूनच आला की नाही यावर खुशाल वाद घाला, पण डोक्यावर स्लॅब नसणं ही त्यात शिवी आहे, हे तर दिसतंय ना?

आमच्या मेसमध्ये हा शब्द बसतो तालुक्यावरून आलेल्या, 'पानी दे' म्हणणाऱ्या पोराला. जरा चमकणारा शर्ट घातला की झालं! तो हसतो. मग हळूहळू बोलणं कमी करतो, आणि व्हायवाला येत असलेलं उत्तरसुद्धा गिळतो. केटीवाला स्वतःच ओरडत येतो, "लागली रे!" 'मी छपरी' असं आनंदाने सांगणारा मला अजून भेटायचाय.

गॅदरिंगच्या फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या लवकरच जमा होतील. कमिटीने 'छपरी'वाल्या चिठ्ठ्या बाजूला काढाव्यात, एवढी मागणी आहे. केटीवाल्यांवर मात्र पोटभर टाका, आमच्या विंगमध्ये गिऱ्हाइकं भरपूर आहेत.