अब्रू कोणाची, तोंडबंदी कोणाला?

९ सप्टेंबर १९९८ रोजी मुंबईच्या महानगर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाने अण्णा हजारे यांना तीन महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा सुनावली. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या या कार्यकर्त्याची रवानगी येरवड्याच्या तुरुंगात झाली. त्यांनी चोरी केली नव्हती, कोणावर हात उगारला नव्हता. शिवसेना-भाजप युतीच्या मंत्रिमंडळातील समाजकल्याणमंत्री बबनराव घोलप यांच्यावर त्यांनी भ्रष्टाचाराचा जाहीर आरोप केला होता. मंत्रिमहोदयांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. आरोप न्यायालयाच्या कसोटीला उतरले नाहीत, असे ठरले आणि आरोप करणारा गजाआड गेला. लोकक्षोभ एवढा उसळला की अखेर राज्य सरकारलाच त्यांच्या सुटकेचा आदेश काढावा लागला. पुढे एप्रिल १९९९ मध्ये घोलप यांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला.

या हकिगतीचा उत्तरार्ध नगर जिल्ह्यातच घडला. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत शिर्डी मतदारसंघातून शिवसेनेने घोलप यांची उमेदवारी जाहीर केली होती. त्याच वर्षी मार्च महिन्यात मुंबईच्या विशेष न्यायालयाने ज्ञात उत्पन्नापेक्षा अधिक मालमत्ता बाळगल्याच्या खटल्यात त्यांना दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली, आणि पक्षाला उमेदवार बदलावा लागला. हा खटला वेगळा होता. त्यावर दाद मागण्याचा हक्क घोलप यांनाही होताच, आणि १९९८ चे आरोप या निकालाने आपोआप सिद्ध झाले असे म्हणणे न्यायाला धरून होणार नाही. परंतु एक प्रश्न त्यातून उभा राहतो. मंत्र्याच्या कारभाराची चौकशी व्हावी, असे म्हणणारा नागरिक तुरुंगात प्रथम जातो आणि मंत्र्याच्या मालमत्तेचा हिशेब सोळा वर्षांनी होतो, ही कोणती न्यायव्यवस्था?

प्रश्न एका हजारे यांचा नाही. त्यांच्या पाठीशी लोकांचे पाठबळ होते, वृत्तपत्रे होती, म्हणून सरकारला नमावे लागले. ज्याच्या पाठीशी कोणी नाही अशा पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या एखाद्या ग्रामपंचायत सदस्याला, बाजार समितीतील हमालाला किंवा रोजगार हमीवरच्या मजूर बाईला वकिलाची नोटीस येते, तेव्हा काय घडते याचा विचार पक्षाच्या कार्यकर्त्यांनी केला पाहिजे. तिथे खटला चालत नाही, निकालही लागत नाही. माणूस गप्प बसतो आणि दावा लावणाऱ्याचे काम होते.

अब्रूचा कायदा हे सत्तेचे जुने हत्यार आहे आणि महाराष्ट्राला त्याचा पहिला मोठा परिचय १८८२ साली झाला. कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी केला. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारे आरोप झाला होता ती पत्रे बनावट निघाली, आणि टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. त्या खटल्यात जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे यांनी त्यांच्या जामिनाची व्यवस्था केली. मतभेद तीव्र असूनही, बोलणाऱ्याचे तोंड बांधले जाऊ नये एवढी जाण त्या पिढीत होती. मात्र खटल्याचा खरा निकाल न्यायालयात लागलाच नाही. २५ डिसेंबर १८८३ रोजी हेच छत्रपती अहमदनगर येथे, इंग्रज रखवालदाराशी झालेल्या झटापटीत मृत्यू पावले. कागद खोटे होते, चिंता खरी होती. कायद्याने कागद तपासले. त्या तरुण राजाला कोणी वाचविले नाही.

१८६० च्या दंडसंहितेतील कलम ४९९ व ५०० अन्वये अब्रुनुकसानी हा तुरुंगवासाचा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. वसाहतवादाचे जोखड फेकून दिल्याची द्वाही फिरविण्यात आली. पण नव्या संहितेच्या कलम ३५६ मध्ये तोच गुन्हा आणि तीच दोन वर्षांपर्यंतची साधी कैद कायम आहे. पर्याय म्हणून समाजसेवेच्या शिक्षेची तेवढी भर पडली. ज्या इंग्रजांनी हा कायदा आणला, त्यांनी आपल्या देशात अब्रूनुकसानीचा फौजदारी गुन्हा २००९ साली कायदा करून रद्द केला. शेजारच्या श्रीलंकेने तो २००२ सालीच रद्द केला होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामी यांच्या प्रकरणात हा कायदा घटनेशी सुसंगत ठरविला. दंडाधिकाऱ्यांनी समन्स काढताना दक्षता घ्यावी, एवढी सूचना तेवढी केली.

या कायद्याचा जाच शिक्षेपेक्षा त्याच्या प्रक्रियेत अधिक आहे. केवळ सत्य बोललो एवढे म्हणून आरोपी सुटत नाही. बोललेले खरे होते आणि ते लोकहितासाठी होते, या दोन्ही गोष्टी त्यालाच सिद्ध कराव्या लागतात. पुरावा कोठे असतो? मंत्र्याच्या दालनात, महामंडळाच्या कपाटात, बँकेच्या खातेवहीत. १९९८ साली महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदाच नव्हता. त्याचा पहिला, अपुरा कायदा २००० साली, त्याहून सबळ २००२ चा आणि देशव्यापी कायदा २००५ साली आला, आणि त्यासाठी राळेगणच्या याच माणसाला उपोषणे करावी लागली. ज्याच्या कपाटाची किल्ली प्रतिपक्षाच्या कमरेला आहे, त्याला ‘पुरावा आण, नाहीतर तुरुंगात जा’ असे सांगणे म्हणजे न्याय नव्हे.

प्रत्येक तारखेला हजर राहणे हीही एक शिक्षाच असते. पारनेरहून मुंबई दोनशे किलोमीटरांहून दूर. दावेदाराचा वकील पगारी असतो, त्याचा खर्च कंपनीच्या किंवा संस्थेच्या खात्यातून जातो. प्रतिवादीचा खर्च त्याच्या दिवसाच्या मजुरीतून, एस.टी.च्या भाड्यातून आणि विकलेल्या शेळीतून जातो. एकाने दावा लांबविला तरी त्याचे काही बिघडत नाही. दुसरा मात्र प्रत्येक तारखेगणिक खचत जातो. कायद्यापुढे सर्व समान असतात. कायद्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता सर्वांना समान नसतो. हे समाजवाद्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

आणि हे हत्यार आता केवळ मंत्र्यांच्या हाती राहिलेले नाही. व्यापाऱ्यांनीही ते उचलले आहे. भाजीपाला व धान्यातील कीटकनाशकांच्या अंशांबद्दल ‘राजस्थान पत्रिका’ने लेख छापले, तेव्हा कीटकनाशक उत्पादकांच्या संघटनेने दावा लावला. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि अशा दाव्यांमुळे सार्वजनिक चर्चेची गळचेपी होते, हे नोंदविले. जातिवंत म्हणून कुत्र्यांची पिल्ले विकणाऱ्या व्यापाराची गोष्ट निराळी नाही. प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली झालेल्या नियमांनी पैदास करणाऱ्यास राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लांच्या विक्रीस बंदी घातली. नियम आहेत, परंतु ‘या माणसाने आजारी पिल्लू खोट्या वंशावळीने विकले’ असे गिऱ्हाईक चारचौघांत म्हणाले आणि लगेच लाखो रुपयांच्या भरपाईची नोटीस दारात आली, तर पुढचे गिऱ्हाईक सावध कसे होणार? न उगवणारे बियाणे विकणारा दुकानदार, ठेवी बुडविणाऱ्या पतसंस्थेचा संचालक आणि अप्रामाणिक श्वानपालक यांच्या धंद्यांत फरक असेल. नोटिशीचा मसुदा मात्र एकच असतो. ग्राहकाचे मौन हाच अशा धंद्याचा नफा.

अशा दाव्यांना अमेरिकेतील डेन्व्हर विद्यापीठाचे जॉर्ज प्रिंग व पेनेलोपी कॅनन या दोघा अभ्यासकांनी १९८० च्या दशकात ‘स्लॅप’ असे नाव दिले. मराठीत त्यांना तोंडबंदीचे दावे म्हणावे. माल्टाच्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गॅलिझिया यांची ऑक्टोबर २०१७ मध्ये बाँबस्फोटात हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर अब्रूनुकसानीचे ४० हून अधिक दावे पडून होते. त्यानंतरच्या आंदोलनातून युरोपीय संघाने २०२४ साली अशा दाव्यांना आळा घालणारा निर्देश संमत केला. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये आणि कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांताने २०१५ मध्ये असे कायदे केले. त्यांचे तत्त्व साधे आहे. सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर बोलल्याबद्दल दावा आला, तर त्यात तथ्य आहे हे दावेदाराने आरंभीच दाखवावे. दाखविता आले नाही तर दावा तिथेच निकालात निघावा आणि खर्च दावेदाराच्या माथी बसावा.

भारतात असा कायदा नाही. न्यायालयांनी काही पावले टाकली आहेत, हे मान्य केले पाहिजे. १९९४ साली राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक अधिकाऱ्याच्या कर्तव्यासंबंधीच्या टीकेवर, ती सत्याची बेपर्वाई करून केल्याचे दाखविल्याखेरीज, त्याला भरपाईचा दावा करता येणार नाही. २२ मार्च २०२४ रोजी ब्लूमबर्ग व झी यांच्या वादात त्याच न्यायालयाने, सुनावणीपूर्वीच लेख काढून टाकण्याचा अंतरिम आदेश रद्द केला आणि तोंडबंदीच्या दाव्यांचा धोका स्पष्टपणे बोलून दाखविला. पण सर्वोच्च न्यायालयातील तत्त्व तालुक्याच्या न्यायालयापर्यंत उतरायला दशके लागतात. आणि ब्लूमबर्गला दिल्लीपर्यंत लढता येते. श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला येत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अब्रू केवळ मोठ्यांनाच असते काय? नाही. गावगाड्यात अब्रू घालविण्याचे हत्यार सर्वांत अधिक चालविले जाते ते दलितांवर, एकट्या बाईवर, आंतरजातीय विवाह करणाऱ्या तरुणांवर. त्यांना कायद्याचे संरक्षण हवेच. भरपाईचा व जाहीर माफीचा दिवाणी मार्ग कोणी बंद करा म्हणत नाही. मागणी एवढीच की, बोलण्याबद्दल तुरुंग नको. आणि ज्याच्या हाती सार्वजनिक सत्ता किंवा बाजारातील मक्ता आहे, त्याने आपल्या अब्रूचा आडोसा करून जाब टाळू नये. खाजगी चारित्र्य आणि सार्वजनिक कारभार यांच्यात कायद्याने रेघ ओढलीच पाहिजे.

आरोपांची शहानिशा करण्याचा अधिक चांगला मार्ग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. हजारे यांनी चार मंत्र्यांवर आरोप केले, तेव्हा २००३ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा चौकशी आयोग नेमला गेला. प्रतिआरोप झाल्यामुळे हजारे यांच्या संस्थांचीही चौकशी झाली. २००५ च्या अहवालाने तीन मंत्र्यांवर ठपका ठेवला, एकाला निर्दोष ठरविले, आणि हजारे यांच्या वाढदिवसाच्या समारंभावर हिंद स्वराज ट्रस्टच्या निधीतून झालेल्या खर्चावरही बोट ठेवले. कागद दोन्ही बाजूंचे मागविले गेले, जाब दोघांनाही द्यावा लागला आणि तुरुंगाची टांगती तलवार कोणाच्याही जिभेवर नव्हती. टीकाकारही टीकेच्या वर नाही, हे लोकशाहीचे तत्त्व तिथे पाळले गेले.

म्हणून पक्षाने तीन मागण्या घेऊन विधिमंडळात आणि रस्त्यावर उतरले पाहिजे. भारतीय न्याय संहितेतील कलम ३५६ ची कैदेची तरतूद रद्द व्हावी. तोंडबंदीचे दावे आरंभीच निकालात काढणारा आणि त्यांचा खर्च दावेदारावर घालणारा कायदा महाराष्ट्राने करून देशाला वाट दाखवावी; रोजगार हमी आणि माहितीचा अधिकार या दोन्ही बाबतीत या राज्याने केंद्राच्या आधी पाऊल टाकले होते, तेव्हा हे अशक्य नाही. आणि सार्वजनिक पदावरील व्यक्तीविरुद्धच्या गंभीर आरोपांची मुदतबंद चौकशी करणारी स्वतंत्र यंत्रणा असावी.

कायदा होईपर्यंत वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत विनामूल्य लढणाऱ्या वकिलांचे मंडळ आणि वर्गणीतून उभा केलेला बचाव निधी असेल, तर नोटिशीची भीती अर्धी होईल. बोलणाऱ्या कार्यकर्त्यानेही १८८२ चा धडा विसरता कामा नये. हाती आलेला कागद खरा की बनावट, हे तपासून मगच व्यासपीठावर जावे. माहिती अधिकारात नकला घ्याव्यात, ऐकीव ते ऐकीव म्हणून सांगावे, माणसाच्या खाजगी आयुष्यावर घसरू नये. नेमके आणि पुराव्यानिशी बोलणे हे केवळ बचावाचे तंत्र नव्हे. ज्यांच्यासाठी बोलावयाचे त्या लोकांचे ते देणे आहे.

फुले-उरवणे यांनी ज्यांची मते पटत नव्हती त्यांच्यासाठी जामीन उभा केला. त्याच वृत्तीने, नोटीस आलेला माणूस आपल्या पक्षाचा आहे की नाही हे न विचारता, त्याच्या तारखेला न्यायालयाच्या आवारात दहा माणसे उभी करणे एवढे काम प्रत्येक तालुक्यातील शाखेला आजपासून करता येईल.