किल्ली कोणाच्या खिशात?

भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर ही ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत. बदली झाली, निवृत्ती आली की क्वार्टर रिकामे करायचे; वसाहत तिथेच राहते. वेबसाइटच्या सबडोमेनचेही असेच आहे. मूळ डोमेन म्हणजे वसाहत आणि सबडोमेन म्हणजे तिच्यातले एकेक क्वार्टर.

हा पत्ता मात्र उर्दूसारखा उजवीकडून डावीकडे वाचायचा. वक्फ नोंदणीचे पोर्टल पाहा: 'उम्मीद डॉट मायनॉरिटी डॉट जीओव्ही डॉट इन'. शेवटचे 'इन' म्हणजे भारत, त्याच्या डावीकडे सरकार, मग अल्पसंख्याक मंत्रालय आणि सर्वांत डावीकडे ६ जून २०२५ रोजी सुरू झालेले पोर्टल. डावीकडे 'उम्मीद' दिसते आहे, पण उजवीकडे भलतेच काही आहे, अशा ठिकाणी मशिदीची वा कब्रस्तानची कागदपत्रे चढवू नका. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतानाही हीच सवय ठेवा.

मोहल्ल्यातले वाचनालय, अभ्यासिका, रक्तदात्यांची यादी यांसाठी वेगवेगळी डोमेन घेऊन दरवर्षी पैसे मोजायचे कारण नाही. संस्थेच्या एकाच डोमेनच्या डीएनएसमध्ये एक ओळ वाढवायची. नावाच्या रकान्यात रोमन अक्षरांत 'अभ्यासिका', प्रकार 'ए', पुढे सर्व्हरचा आयपी क्रमांक. साइट दुसऱ्या एखाद्या सेवेवर असेल तर प्रकार 'सीनेम' आणि त्या सेवेने दिलेले नाव. हे नवे नाव सर्व्हरवर किंवा त्या सेवेतही नोंदवावे लागते. नेमके तेच राहून जाते आणि दोष डीएनएसला दिला जातो. टीटीएल ३६०० असेल तर जुने उत्तर तासभर टिकू शकते, तेवढा सब्र करा.

मराठी विकिपीडिया 'एमआर' या सबडोमेनवर आहे, उर्दू 'यूआर'वर. एकाच घरात, शेजारी-शेजारी, कोणी कोणाच्या ओसरीवर नाही. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना ही मांडणी परकी वाटू नये.

खरी चिंता वेगळीच आहे. आपल्याकडे डोमेन बहुधा एखाद्या उत्साही मुलाच्या खासगी ईमेलवर घेतलेले असते. तो नोकरीसाठी पुण्याला किंवा आखातात जातो, नूतनीकरणाच्या सूचना त्या इनबॉक्समध्ये पडून राहतात. डोमेन हातचे गेले की त्याखालची सगळी सबडोमेनही गेली, आणि त्यांवरच्या पत्त्यांनी लोकांना दिलेले सगळे दुवेही. मशिदीच्या गल्ल्याचा हिशेब आपण जमातीपुढे मागतो. डोमेनचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे कधी विचारले आहे? नोंदणी संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्याच ईमेलवर हवी, प्रवेश किमान दोघांकडे. त्या दोघांत एक मुलगी का नसावी?

उपक्रम संपला तर सोडलेल्या क्वार्टरवरची पाटीही उतरवा. 'सीनेम'ची ओळ तशीच राहिली, तर बंद केलेल्या सेवेतली ती जागा दुसरा कोणी बळकावू शकतो आणि आपल्या नावाखाली जुगाराची जाहिरात लावू शकतो. म्हणून आधी डीएनएसमधली ओळ पुसायची, सेवा त्यानंतर बंद करायची.