लायसन लागत नाही!

आमच्या नातवाचे नाव मी येथे सांगत नाही. हा अंक त्याच्या वर्गातल्या मुलांच्या घरीही जातो, आणि त्याची शोभा आधीच पुरेशी झाली आहे. माझीही झाली आहे. पण हे सदर माझ्याच नावाने छापले जाते, तेव्हा मला लपायची सोय नाही.

यंदाच्या गुढीपाडव्याला मी त्याला विजेवरची स्कूटर घेऊन दिली. वय वर्षे चौदा. सूनबाईंनी नाक मुरडले, तेव्हा दुकानदाराचे वाक्य मीच ठसक्यात म्हणून दाखवले, "लायसन लागत नाही!" आणि ते खोटे नव्हते. अडीचशे वॅटपेक्षा कमी ताकदीची मोटार आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग, एवढ्यात जी गाडी बसते तिला आपला कायदा मोटार वाहन समजतच नाही. नंबरप्लेट नको की विमा नको. पोरगा क्लासला जाईल, येताना माझी औषधे आणील, असा माझा हिशेब. औषधे दोनदा आली.

मे महिन्याच्या सुट्टीत एका मेकॅनिकने तिचे 'लॉक' काढून दिले. म्हणजे कंपनीने वेगाला घातलेली वेसण सोडली, एवढेच. गाडी चाळीसने पळू लागली. वर तिघे बसत, हेल्मेट एकालाही नाही. रस्त्यावर पोलीस उभा असतो, म्हणून स्वारी जंगली महाराज रस्त्याच्या फूटपाथवरून! हा फूटपाथ मोठा ऐसपैस. पालिकेने तो चालणाऱ्यांसाठी केला, म्हाताऱ्यांनी आपला मानला, आणि पोरांनीही.

पेट्रोलची गाडी निदान बोंबलत येते. हिचा आवाज नाही, धूर नाही. घेताना याच गुणांचे मी कोण कौतुक केले होते!

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या वहिनी संध्याकाळी बागेतून परतत होत्या. मागून काय येते आहे ते त्यांना ऐकूच आले नाही. उजवे मनगट मोडले. पोरे पसार झाली.

रात्री इस्पितळात त्यांच्या मुलाने विचारले, "काका, कोण असतील हो ही कार्टी?" तासाभरापूर्वीच मी आमच्या जिन्याखाली फुटलेला आरसा पाहिला होता आणि न जेवता झोपलेला नातूही. "असतील कोणी उनाड," मी म्हणालो. वाचकहो, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी इतक्या सफाईने खोटे बोलता येते, हे मला ठाऊक नव्हते.

चार दिवस मी मनाची समजूत घातली. १९६२ साली आम्हीही सायकलवर डबलसीट, बिनदिव्याचे हिंडत होतोच की! टिळक रस्त्यावर हवालदाराने चाकातली हवा सोडली, की सायकल हातात धरून मुकाट घरी. पण त्या सायकलला आमच्या पायांत जेवढा दम तेवढाच वेग. चिरंजीव इंजिनिअर आहेत. त्यांनी जेवताना शांतपणे सांगितले, "बाबा, पंचविसाचे चाळीस झाले की धक्का दीडपट नाही, अडीचपट बसतो." मग कायदाही ऐकवला. वेग वाढवला त्या क्षणी ती साधीसुधी गाडी राहिली नाही, मोटार वाहन झाली. नोंदणी नसलेले, विमा नसलेले, आणि चालवणारा अज्ञान. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अशा वेळी पालक किंवा गाडीचा मालक गुन्हेगार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड; आणि पोराला पंचवीस वर्षे पुरी होईतो लायसन नाही.

"पावती कुणाच्या नावाची आहे?" सूनबाईंनी विचारले. त्यांना ठाऊक होते.

संध्याकाळी नातवाला घेऊन गेलो. तो दारातच रडू लागला, तेव्हा बोलावे लागले ते मलाच. वहिनींनी ऐकून घेतले. "मला ठाऊक होतं, भावजी. पळताना यानं मागं वळून पाहिलं. बाकीच्या दोघांनी नाही पाहिलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही कधी येताय, तेवढीच वाट बघत होते." पोलिसांत जायचे की नाही ते तुम्ही ठरवा, असे मी म्हणालो. त्यांनी अजून काही ठरवलेले नाही. मीही विचारलेले नाही.

त्यांच्या अमेरिकेतल्या लेकीला फराळाचे पार्सल दरवर्षी महिनाभर आधी जाते. परवा ते करायचे होते, आणि सोऱ्या फिरवणारा हात प्लॅस्टरमध्ये! नातू दुपारभर तिकडे होता. पहिला घाणा सगळा मोडका निघाला. तो आमच्याकडे आला, आम्ही खाल्ला.

स्कूटर विकायला काढली आहे. काल एक गृहस्थ पाहायला आले, माझ्याच वयाचे. चहूबाजूंनी फिरून त्यांनी सीटवर थाप मारली आणि विचारले, "लायसन लागत नाही ना? नातवाला द्यायचीय."

मी त्यांना घरात बोलावले आणि चहा टाकायला सांगितला.